नौपाड्यातला हत्ती

नौपाड्यात हत्ती येतो, असं मी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल?

"ठाण्याच्या नौपाड्यात? तिथे रिक्षाला वळायला जागा नाही, हत्ती कुठून येणार?" असं तुम्ही म्हणाल. पण दोस्तांनो, खरंच येतो. वर्षातून एकदा, आश्विन महिन्यात. तो ऊस मागत नाही, केळी खात नाही, रस्ता अडवत नाही. एका लाकडी पाटावर अख्खा मावतो. त्याला काम एकच. मधोमध उभं राहायचं आणि सभोवतालची गाणी ऐकायची!

आता काही जणींनी ओळखलंच असेल. पण घाई करू नका. आधी आपण नौपाड्यात तर जाऊ या.

ठाणे स्टेशनला पश्चिमेच्या बाजूला उतरायचं. गर्दीला घाबरायचं नाही, कारण ही गर्दी मानाची आहे. १६ एप्रिल १८५३ या दिवशी आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी मुंबईच्या बोरीबंदरहून सुटली आणि ३४ किलोमीटर धावून थांबली ती इथेच, ठाण्याला. त्या दिवशी गाडीत सुमारे ४०० पाहुणे होते. तेव्हापासून या गावात बाहेरची माणसं येतच आहेत. कुणी साताऱ्याहून, कुणी रत्नागिरीहून, कुणी पार नागपूरहून. ही गोष्ट लक्षात ठेवा हं, पुढे आपल्याला लागणार आहे.

स्टेशनातून बाहेर पडलात की गावदेवी मैदानाच्या बाजूने गोखले रोडला लागायचं. हा नौपाड्याचा मोठा रस्ता. पाडा म्हणजे लहानशी वस्ती. पण आजच्या नौपाड्याला लहान कोण म्हणेल? साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, वह्या-पुस्तकांची दुकानं, फरसाणाची दुकानं. विष्णूनगरात पिवळ्याधमक चटणीचा वडापाव मिळतो. तिथे पाच मिनिटं थांबलात तरी चालेल, हत्ती संध्याकाळशिवाय येत नाही.

पुढे राममारुती रोड. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घातलेल्या ताई-दादांनी हा रस्ता नुसता फुलून जातो. त्याच्याच जवळ घंटाळी देवीचं देऊळ. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची शाखाही या नौपाड्यात आहे. हे ग्रंथालय १८९३ साली स्थापन झालं. म्हणजे तुमच्या पणजोबांचे वडीलसुद्धा कदाचित तिथून पुस्तक घेऊन गेले असतील!

आणि हे गाव गाण्यांचंही आहे बरं का. सासरी निघालेल्या लेकीची, आईची, माहेराची कितीतरी गाणी लिहिणारे जनकवी पी. सावळाराम ठाण्याचेच. मूळचे सांगली जिल्ह्यातले, पण ठाण्यात आले आणि इथलेच झाले. इतके इथले, की ते ठाण्याचे नगराध्यक्षही होते! गाणी त्यांनी लिहायची, चाल वसंत प्रभूंनी लावायची आणि गायच्या लता मंगेशकर. १९९७ साली सावळाराम गेले. त्यांची गाणी मात्र तुमच्या आजीला विचारा, पाठ असतील.

मोठ्या रस्त्यावरून आत गल्लीत वळलं, की एकदम शांत. तीन-चार मजली जुन्या इमारती. बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. फाटकावरच्या नावाच्या शेवटी कुठे 'कृपा', कुठे 'स्मृती', कुठे 'छाया'. खिडकीत तुळशीची कुंडी. अशाच एका इमारतीत माझी मावशी राहते आणि आपला हत्ती येतो तो तिच्याच अंगणात.

आजी अडली!

ही नवरात्रातल्या एका रविवारची गोष्ट. पण तिची सुरुवात आठ दिवस आधी झाली होती.

झालं काय, इमारतीतल्या सातवीतल्या दोघी मैत्रिणींना शाळेतून गृहपाठ मिळाला होता. 'एक लोकगीत मिळवा आणि वहीत लिहून आणा.' दोघी वही-पेन घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गेल्या. या आजी मूळच्या साताऱ्याच्या.

"आजी, तुम्हाला हादग्याची गाणी येतात ना? सांगा ना. आम्ही लिहून घेतो."

"न यायला काय झालं? पंधरा-वीस तरी येतात," असं म्हणत आजी खुर्चीत नीट बसल्या. चष्मा लावला. एक ओळ सांगितली, दुसरी सांगितली, आणि गाडी थांबली.

"पुढे काय, आजी?"

"थांब गं... काय बरं... अगं, असं बसून नाही आठवत!"

दुसरं गाणं घेतलं, तेही अर्ध्यावर अडलं. मुलींना वाटलं, आजी विसरल्या. आजींनाही तसंच वाटलं. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "एक काम करा. पाटावर हत्ती काढा, फेर धरा आणि मला खाली न्या. मग बघू गाणी येतात की नाही."

मोठ्या माणसांनीही ते लगेच उचलून धरलं. त्याला एक कारण होतं. नौपाड्यातल्या कितीतरी जुन्या इमारतींसारखी मावशीची इमारतही आता पाडून नवी बांधायची ठरली आहे. घरोघरी भाड्याच्या जागा शोधणं चाललंय. कुणी कळव्याला जाणार, कुणी डोंबिवलीला, कुणी मुलाकडे पुण्याला. म्हणजे या अंगणातला हा शेवटचाच भोंडला. नवी इमारत उभी राहीपर्यंत काही वर्षं जातील. मुलं तोवर कॉलेजात जातील. आणि आजी? त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

हत्ती पाटावर का?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, भोंडला म्हणजे काय तेच आम्हाला माहीत नाही. तर ऐका.

आश्विन महिन्याच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. हस्त म्हणजे हात आणि हस्ती म्हणजे हत्ती. शब्द असे शेजारी-शेजारी, म्हणून या नक्षत्राचा हत्ती झाला. या दिवसांत पाऊस गडगडाट करत येतो. शेतकऱ्याला तो हवाच असतो. शेतात पीक उभं असतं, त्याला हे शेवटचं पाणी मिळायला हवं. म्हणून मुलींनी पाटावर हत्ती काढायचा, त्याला फुलं वाहायची आणि हात धरून त्याच्याभोवती गोल फिरत गाणी म्हणायची. याला म्हणतात फेर धरणं. पूर्वी हे सोळा दिवस चालायचं. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत-वाढत सोळाव्या दिवशी सोळा! आणि शेवटी खिरापत. म्हणजे खाऊ. तो डब्यात झाकून ठेवायचा आणि सगळ्यांनी ओळखायचा.

आता शहरात सोळा दिवस कुणाला जमणार? शाळा, क्लास, परीक्षा. म्हणून बहुतेक ठिकाणी एकच दिवस भोंडला होतो. मावशीच्या इमारतीतही तसाच व्हायचा. गेल्या वर्षी तर मुलांनी स्पीकरवर भोंडल्याची गाणी लावली होती. ढाण् ढाण् ढाण् असा ठेका. मुलं नाचली, घामाघूम झाली. आज्या कडेला खुर्च्यांवर बसून राहिल्या. गाणी त्यांच्याच ओळखीची, पण वेग असा की तोंड उघडेपर्यंत कडवं संपलेलं असायचं!

या वर्षी मुलांनी ठरवलं, स्पीकर नाही.

गाडी रुळावर येते

संध्याकाळी पाच वाजता अंगणातल्या स्कूटर बाहेर काढल्या. पाचवीतल्या एका मुलाची चित्रकला चांगली, म्हणून हत्तीचं काम त्याच्याकडे. त्याने खडूने मन लावून हत्ती काढला. सगळे वाकून बघायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "हा डुकरासारखा दिसतोय." एकच हशा! मग तळमजल्यावरचे आजोबा पुढे आले आणि सोंड जरा लांब करून दिली. झाला हत्ती.

आता फेर धरायचा. पण पहिल्याच पावलाला पंचाईत. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला चक्कर येते. मग दोन फेर करायचे ठरले. आतल्या बाजूला, हत्तीच्या जवळ, खुर्च्यांवर आज्या. बाहेरून मुलं फिरणार. ज्यांना चालता येतं अशा दोघी-तिघी आज्या मुलांचे हात धरून बाहेरच्या फेरात.

पहिलं गाणं गणपतीचं. साताऱ्याच्या आजींनी सुरुवात केली. मुलं सवयीप्रमाणे भराभर पावलं टाकायला लागली. आज्यांचं गाणं मागे आणि मुलांचे पाय पुढे. दोन कडव्यांतच सगळा गोंधळ.

"अरे, आगगाडी पकडायची आहे का?" आजी ओरडल्या.

पुन्हा सुरुवात. या वेळी मुलांनी पाऊल हळू टाकलं आणि आज्यांनी गाणं थोडं चढं घेतलं. तिसऱ्या खेपेला पाय आणि शब्द एकमेकांना सापडले. आणि काय सांगू तुम्हाला! खुर्चीत बसून ज्या आजी दोन ओळींवर अडल्या होत्या, त्याच आजी एकामागून एक कडवी म्हणायला लागल्या. टाळीबरोबर शब्द येत होता, शब्दाबरोबर पुढचा शब्द. सातवीतली मुलगी फिरता-फिरता ओरडली, "आजी, हीच ओळ! हीच तुम्हाला आठवत नव्हती!"

आपल्याकडे म्हणतातच, जात्यावर बसलं की ओवी सुचते. ही नुसती म्हण नाही, अगदी खरी गोष्ट आहे. पूर्वी बायका पहाटे उठून जात्यावर दळण दळायच्या आणि दळताना ओव्या गायच्या. जातं फिरायचं, हात फिरायचा, तशी ओवी यायची. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या. जाती कोपऱ्यात गेली आणि त्यांच्याबरोबर ओव्याही. साने गुरुजींनी बायकांकडून अशा ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' हे पुस्तक केलं. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्रभरची लोकगीतं मिळवून छापली. आणि १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी खेडोपाडी माणसं जमवून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. किती ओव्या मिळाल्या असतील? एक लाखाहून जास्त! एक लाख ओव्या, आणि त्यातल्या बहुतेक कुठल्याही पुस्तकात नव्हत्या. त्या बायकांच्या गळ्यात होत्या.

कारल्याचं गाणं

भोंडल्यात एक कारल्याचं गाणं आहे. सुनेला माहेरी जायचंय. ती सासूला विचारते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी लाव, मग जा. बी लावलं. मग सांगते, कोंब येऊ दे. कोंब आला. वेल वाढू दे. वेल वाढला. फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, जेव... असं ते लांबतच जातं.

हे गाणं चालू असताना मध्येच सगळ्यांची गाडी अडली. फूल आधी की मांडव आधी? या आजी एक म्हणतात, त्या दुसरं. आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पुढचं कडवं उचललं.

या आजींबद्दल सांगायला हवं. गेली दोन-तीन वर्षं त्यांना गोष्टी लक्षात राहत नाहीत. सकाळी कोण आलं होतं, औषध घेतलं की नाही, काही आठवत नाही. मी गेल्यापासून त्यांनी मला तीन वेळा विचारलं होतं, "तू कोणाची गं?" त्यांच्या सुनेने त्यांना खाली आणून बसवलं होतं ते जरा मोकळी हवा मिळावी म्हणून. त्यांच्याकडून गाण्याची अपेक्षा कुणाचीच नव्हती. आणि त्याच आजी बी, कोंब, वेल, मांडव, फूल असं एकेक पाऊल न चुकता म्हणत गेल्या. मुलं त्यांच्या मागून. भाजी झाली, जेवण झालं, सासऱ्याला विचारून झालं, दिराला विचारून झालं, एकदाची सून माहेरी पोचली!

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. आजींनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोणाची गं?"

मी पुन्हा सांगितलं.

गाण्याने आजार बरा होत नाही, दोस्तांनो. पण जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली एक गोष्ट दाखवून दिली. अल्झायमर या विसरभोळेपणाच्या आजारात मेंदूचे वेगवेगळे भाग हळूहळू खराब होतात. पण लहानपणापासूनची गाणी मेंदूत जिथे साठवलेली असतात, तो भाग बराच काळ शाबूत राहतो. म्हणून नाव विसरणारं माणूसही गाणं म्हणू शकतं. तुमच्या घरात असे कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांना "मी कोण, ओळखा बरं" असं विचारून कोड्यात टाकू नका. त्यांच्या ओळखीचं गाणं सुरू करा.

सासू एवढी वाईट का?

कारल्याचं गाणं झाल्यावर एका छोट्या मुलीने विचारलं, "आजी, ती सासू इतकी वाईट का होती? सरळ जा म्हणायचं ना!"

सगळ्या बायका हसायला लागल्या. पण साताऱ्याच्या आजींनी तिला जवळ घेतलं. त्या म्हणाल्या, "हे गाणं माझ्या आजीने मला शिकवलं. तिचं लग्न झालं तेव्हा ती तुझ्या ताईपेक्षा लहान होती."

ती ताई सातवीत आहे. म्हणजे बघा!

आणि हे खोटं नाही. मुलींची लग्नं फार लहान वयात व्हायची, म्हणून १९२९ साली आपल्या देशात कायदा करावा लागला की मुलीचं वय निदान १४ तरी हवं. आज ते १८ आहे. त्या कायद्याच्या आधी तर आठ-दहा वर्षांच्या मुली सासरी नांदायला जायच्या. त्यांना आईची आठवण यायची. पण सासूसमोर बोलायची सोय नव्हती. मग बोलायचं कुठे? फेरात! तिथे सगळ्या मैत्रिणी. गाण्यात सासूला नावं ठेवली तर कोण रागावणार? ते तर गाणंच! एका गाण्यात वेड्या नवऱ्याची मजा आहे. बायकोने लाडू केले तर तो चेंडू समजून खेळायला नेतो, करंज्या केल्या तर होड्या समजून पाण्यात सोडतो. मुलं हे गाणं म्हणताना पोट धरून हसतात. त्या काळच्या मुलीही अशाच हसत असतील. घरात हसता येत नव्हतं, ते इथे हसून घेत असतील.

इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात. दहा वर्षांच्या सुनेची गोष्ट तिथे सापडत नाही. ती सापडते कारल्याच्या वेलात.

भांडण आणि तीन रकाने

आता मघाची गोष्ट आठवा. ठाण्यात माणसं बाहेरून आली. तशी त्यांच्या बरोबर गाणीही आली.

साताऱ्याच्या आजी म्हणाल्या, "आमच्याकडे याला भोंडला नाही म्हणत, हादगा म्हणतात. पाटावर काढत नाहीत, भिंतीवर हत्तीचं चित्र लावतात आणि त्याला फळांच्या माळा घालतात."

नागपूरच्या आजी म्हणाल्या, "आमची भुलाबाई. भुलाबाई आणि भुलोबाच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या. आणि सोळा दिवस नाही बाई, महिनाभर. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. हातात टिपऱ्या घेऊन."

पुण्याच्या आजी म्हणाल्या, "खरा तो भोंडलाच!"

झालं, जुंपली! एकाच गाण्याचे तीन शब्द. एक म्हणे असं, दुसरी म्हणे तसं. आणि गंमत म्हणजे तिघी चाळीस वर्षं एकाच जिन्यावरून चढ-उतर करत होत्या, पण एकमेकींची गाणी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. प्रत्येक जण आपापल्या घरात, आपापल्या कामात.

सातवीतल्या मैत्रिणींनी मात्र हुशारी केली. वहीचं पान आडवं धरलं, तीन रकाने आखले. सातारा, नागपूर, पुणे. "कुणाचंही चूक नाही. आम्ही तिन्ही लिहितो," असं म्हणून भांडण मिटवून टाकलं.

आजोबा आणि 'सजणा'

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुलींचं आणि आज्यांचं झालं. मुलांनी आणि आजोबांनी काय करायचं? पण मघाचा हत्ती काढणारा कोण होता? आणि सोंड दुरुस्त करणारे? त्या दिवशी सगळे मुलगे फेरात होते. आजोबा लोक भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होते.

तळमजल्यावरच्या आजोबांचा मान गणपतीत असतो. इमारतीतली आरती तेच सांगतात. दर वर्षी मुलं त्यांच्या हातून एका शब्दासाठी पकडली जातात. समर्थ रामदासांनी लिहिलेल्या गणपतीच्या आरतीत 'सदना' असा शब्द आहे. सदन म्हणजे घर. आणि मुलं झांजा बडवत, जोरजोरात ओरडून 'सजणा' म्हणतात! तसंच 'संकटी' या शब्दाचं 'संकष्टी' करून टाकतात. संकटी म्हणजे संकटात. संकष्टी म्हणजे चतुर्थी.

आजोबा आरती थांबवत नाहीत. ती संपली की प्रसाद देताना एकेकाला विचारतात, "सदना म्हणजे काय?" सांगितलं तरच मोदक! आता सांगा, तुम्हाला मोदक मिळाला असता का?

अशा चुका पुस्तक वाचून सुटत नाहीत. पाठ झालेलं गाणं कोण पुस्तकात बघतो? शेजारी उभं राहून बरोबर म्हणणारं माणूस लागतं.

इथे, तिथे, सगळीकडे

एस्टोनिया नावाचा एक देश आहे, युरोपच्या उत्तरेला. सगळ्या देशाची लोकसंख्या सुमारे १३ लाख. आपल्या एका ठाणे शहरात २०११च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त माणसं होती! एवढासा देश, पण तिथे १८६९ सालापासून गाण्याचा महोत्सव भरतो. साधारण दर पाच वर्षांनी हजारो माणसं एकत्र उभी राहून गातात. त्यात शाळेतल्या मुलांची पथकं असतात आणि आजोबांची, आजींचीही. हा देश पुढे सोव्हिएत युनियनच्या ताब्यात गेला, पण लोकांनी आपल्या भाषेतली गाणी सोडली नाहीत. १९८८ साली ते हजारोंनी जमून गायला लागले आणि १९९१ साली एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणून त्या चळवळीला 'गाणारी क्रांती' असं म्हणतात.

आणि एकत्र गाताना शरीरात काय होतं? स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली काही मुलांना एकत्र गायला लावलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाणं सुरू झाल्यावर सगळ्यांचे ठोके बरोबरच कमी-जास्त व्हायला लागले! कारण साधं आहे. एकत्र गायचं तर श्वासही एकत्र घ्यावा लागतो, आणि श्वासाबरोबर हृदयाची गती बदलते.

आता एक जवळचं उदाहरण. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे योगेंद्र बांगर या शिक्षकांनी पुढाकार घेतला आणि ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या, गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत! त्यांचा अभ्यास घ्यायला घरात नातवंडं. तिथे नातवंडांनी आजीला अक्षरं शिकवली. नौपाड्यात आजीने नातवंडांना गाणी शिकवली. दोन्हीकडे एकाजवळ जे होतं, ते दुसऱ्याला हवं होतं.

खिरापत

अंधार पडायला लागला, तेव्हा खिरापतीचे डबे आले. डबा कानाजवळ नेऊन हलवायचा आणि ओळखायचं.

"गोड की तिखट?"

"गोड!"

"वाजतंय का?"

"नाही!"

शिरा? नाही. लाडू? नाही. बर्फी? नाही. कुणालाच ओळखेना. हरलो म्हटल्यावर डबा उघडला. आत साटोऱ्या! निम्म्या मुलांनी ते नावही पहिल्यांदाच ऐकलं. नागपूरच्या आजींच्या डब्यात मात्र मॅगी निघाली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटलं, मला जुनंच येतं?"

त्या संध्याकाळी वहीत चौदा गाणी लिहून झाली. काही पूर्ण, काही अर्धी. नुसती वही पुरणार नाही हेही मुलांना कळलं होतं, कारण चाल काही लिहून ठेवता येत नाही. म्हणून एका दादाने मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. पण साताऱ्याच्या आजी म्हणाल्या, "ते ठेव तू. पण पुढच्या वर्षी तो डबा लावू नका. तुम्ही म्हणा."

पुढच्या वर्षी कुठे? अंगण तर नसणार. मुलांनी तिथल्या तिथे ठरवलं. ज्यांना नौपाड्याच्या जवळपास जागा मिळेल, त्यांच्या गच्चीवर. लांब गेलेल्या आज्यांना आणायला दोघं-दोघं जातील. कोण कुणाला आणणार, तेही वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या नावापुढे चार जणांनी आपली नावं घातली. हत्तीचा पाट पुसून त्या पाचवीतल्या मुलाकडे दिला. तो म्हणाला, "वर्षभर प्रॅक्टिस करतो. डुक्कर होणार नाही."

हे जमेल का? मला माहीत नाही. माणसं पांगली की जमणं अवघड असतं. पण वही आहे, पाट आहे आणि निदान वीस मुलांच्या तोंडात कारल्याचं गाणं बसलेलं आहे. मी निघाले तेव्हा जिन्यातून कुणीतरी ते गुणगुणत वर चालत होतं.

तर दोस्तांनो, तुम्हीही एक करा. भोंडला नसेल तर भूपाळी, पाळणा, बडबडगीत, अभंग, शाळेतली जुनी प्रार्थना, काहीही चालेल. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारा, "तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हा कोणतं गाणं म्हणत होतात?" ते अडले तर "आठवत नाही का?" म्हणून निघून जाऊ नका. त्यांच्याबरोबर टाळी वाजवा, चार पावलं चाला, झोपाळ्यावर बसा. आजी कणीक मळताना गात असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा. आणि पाऊल जरा हळू टाका.

आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक काम. आजींना जिना उतरवून खाली आणायला दोन माणसं लागतात. तेवढं तुम्ही करा. पुढचं मुलं बघतील.